छावनीचा तोलकाटा

छावनीच्या धान्यमंडीत तोलकाट्याच्या केबिनमध्ये
एक संगणक आहे. कीबोर्डात गव्हाची कुसळं.
ब्राउझर इतका जुना
की 'क्लास' हा शब्द आला की थबकतो.
पुढचं वाचतच नाही. पडदा पांढरा.

चौकसेजी म्हणाले, "मशीन नहीं बदलेगी.
टेंडर अगले साल. आप अपना बदल लो."

मग सोयाबीनच्या पोत्यावर बसून
मी माझाच क्लास उसवला.
आत निघालं साधं एक फंक्शन;
त्याच्या प्रोटोटाइपला एकेक काम टांगलं:
तोल, बारदान वजा कर, पावती दे.
बाण काढले. बाणाच्या आत 'धिस' आपसूक पोचायचा,
आता तो आधीच वेगळ्या नावानं
बाजूला काढून ठेवावा लागतो.
नाहीतर आतल्या खोलीत "मी" म्हणावं
आणि तिसऱ्यानंच ओ द्यावी.

माझ्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं. लाल ओळ.

लेक जुन्या बोलीत आणली होती,
आई लायब्ररीतून आली तशीच राहिलेली.
लेक जुन्या रीतीनं हाक मारते,
आई म्हणते, 'न्यू' म्हटल्याशिवाय मी येत नाही.

माझी जाऊ साताऱ्याची.
"मी स्वयंपाक करून राहिलेय" म्हटलं
की अजून थांबते, दारातच.
अठरा वर्षं झाली. वाक्य आत घेत नाही.
आता माझा मुलगा तिला म्हणतो, "काकू, मी येऊन राहिलो,"
आणि ती म्हणते, "ये."
त्याला कसं चालतं, मी विचारलं नाही.

ज्या फोल्डरला हात लावू नये म्हणतात
त्याला हात लावला. आईही उतरवून घेतली,
आणि तिची आई.
अडतीस केबीची फाइल सत्त्याण्णव झाली.

तोवर देपालपूरची ट्रॉली काट्यावर चढलेली,
मागे हॉर्न, ड्रायव्हरच्या शिव्या.
आकडे आले: एक्केचाळीस क्विंटल साठ.
पावती फाटली. ट्रॉली उतरली.

चौकसेजींनी चष्मा कपाळावर सरकवला,
पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.
"पर मॅडम, इसमें बदला क्या?"

काही नाही, म्हटलं.
एकोणसाठ केबी बारदान
मी कुठेच लिहिलं नाही.