आठवी चकती

पोर्वेनीरला त्या आठवड्यात फेरी बंद होती.
सामुद्रधुनीवर वारा असा, की पलीकडून
ना भाजी आली, ना टपाल.
मिलेन्काबाईंचा निरोप तेवढा आला, शेजारच्या पोराच्या तोंडून:
"निबाल्दोला म्हणावं, यंत्र टिकटिक करायला लागलंय."

जुना संगणक. राखाडी, कानांना धरून उचलायचा.
कुशीवरचं कडं ओढलं, तर अख्खी बाजू
दारासारखी खाली निजली.
आत धूळ, लोकरीची.
या गावात सगळीच धूळ लोकरीची.

हार्ड डिस्क आचके देत होती.
"तिच्यात एउलोहियोनं घेतलेलं आहे, चाळीस मिनिटं.
मेंढ्या कातरायचा शेवटचा हंगाम.
टेप होती; भाच्यानं तिच्यावर फुटबॉल भरला."
बाई भाच्यावर चिडल्या नाहीत.
किटलीवर चिडल्या.

मी पिशवीतून डीव्हीडी रायटर काढला,
भलत्याच कंपनीचा. खोक्यावरचं
एक अक्षर लागेल तर शपथ.
इवलीशी काळी टोपी चिमट्यात धरून
दोन काड्यांवर बसवली.
चपटी केबल, तिची लाल कड पहिल्या पिनेकडे.
स्क्रू चार लागतात. तीन सापडले.

ट्रे बाहेर येईना.
त्याचं प्लास्टिकचं तोंड संगणकाच्या झापेला अडत होतं.
सुरीच्या टोकानं ते तोंडच उचकटलं,
कोटाच्या खिशात टाकलं.

मग पडद्यावर आलं:
डिस्क लिहिण्याची सोय: नाही. उत्पादक अमान्य.

बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं.
"आमचे आजोबा आद्रियातिकच्या एका बेटावरून आले.
बंदरावरच्या कारकुनानं आडनावाची शेपटी छाटली,
तेव्हा कुठे शिक्का बसला," त्या म्हणाल्या,
आणि मला पाव कापून दिला.

माझ्याकडे एक छोटी फाइल होती,
कुणीतरी अनोळख्यानं फावल्या वेळात शिवलेलं ठिगळ.
ते लावलं. यंत्र बंद केलं, चालू केलं.
त्या मिनिटभरात फक्त छपराचा पत्रा बोलत होता.
मग: सोय: आहे.
एवढंच. कुणी पेढे वाटत नाही अशा वेळी.

पहिली चकती बारा टक्क्यांवर मेली.
दुसरी शेवटपर्यंत गेली, तपासणीत नापास.
तिसरी, चौथी,
आठच्या वेगावरून चारवर आलो,
पाचवी, सहावी,
सातवी मी जरा आपटूनच ठेवली.

"घाई नको," बाई म्हणाल्या.
"एउलोहियो नव्या पोरांना सांगायचा,
मेंढी धरली की आधी स्वतःचा श्वास सोडा.
घाईत कात्री लोकर नाही, कातडी घेते."

मी श्वास सोडला.
वेग दोन.
आठवी.

माते पीत बसलो. डिस्कची टिकटिक,
मध्येच थांबायची, आणि आम्ही दोघं
कप हातात तसाच धरून
ती पुन्हा सुरू व्हायची वाट पाहायचो.

रात्री तीनला ट्रे बाहेर आला,
तोंड नसलेल्या फटीतून नुसती जीभ.
चकती कोमट होती.

प्लेअरमध्ये आधी अंधार,
कॅमेऱ्याचं झाकण काढायचं राहिलेलं,
आणि त्या अंधारात एक पुरुषी आवाज:
"चालू आहे का हे?"
मग एक मेंढी, अर्धी कातरलेली,
सरळ आमच्याकडे बघणारी.

बाईंनी मिनिटभर पाहिलं. बंद केलं.
"बाकीचं आहे ना आत?"
"आहे."
"मग असू दे."

वसंतात त्यांच्या रुबार्बच्या वाफ्यावर
सात चकत्या दोऱ्यानं टांगलेल्या दिसल्या.
पाखरं येत नाहीत म्हणे. वारा येतो.

आणि माझ्या हिवाळी कोटाच्या खिशात
हाताला काहीतरी टोचलं:
प्लास्टिकचं ते तोंड,
त्यावर ठसठशीत कंपनीचं नाव,
अजून मला न वाचता येणारं.