अर्धी वीट

बर्फाचा कारखाना बंद झाला तेव्हा
मॅनेजरने पाकीट दिलं : एक लाख बारा हजार.
बावीस वर्षं लाद्या मोजल्या मी,
किती गेल्या, किती वितळल्या.
वितळलेल्यांचाही रकाना असायचा वहीत.

मंडणगडात खोली साडेतीन हजार, डिपॉझिट वेगळं,
आणि मालकीणबाई विचारते, "एकट्याच?"
माहेरच्या जागेत आता रिसॉर्टचा तलाव आहे,
निळ्या फरशीचा.
भावाने सही केली त्या दिवशी मी ड्यूटीवर होते.

म्हणून म्हाप्रळला उतरले.
वाळू बंद झाल्यापासून खाडीकाठी पडाव उभे आहेत
एकमेकांना टेकून,
शेवटची एसटी चुकलेल्या वऱ्हाडासारखे.
त्यातला तिसरा उस्मान सोलकरांचा.
अठ्ठावीस हात लांब, सात हात रुंद.
"सुकतीला ये," ते म्हणाले,
"भरतीला सगलेच पडाव चांगले दिसतात."

सुकतीला गेले. गुडघाभर चिखल, चपला हातात.
म्हातारा सगळा वेळ दोषच दाखवत राहिला.
हितं गलतो. हितंपन गलतो.
ही फळी आईनाची, ही आंब्याची, तेव्हा पैसे नव्हते.
इंजिन गेलं धाकट्याच्या व्हिसाला.
मग सुरी दिली माझ्या हातात : खुपसून बघ.
खुपसली.
कुठे टोक थांबलं,
कुठे बरक्या फणसात गेल्यासारखं गेलं.

भंगारवाला पंचेचाळीस म्हणाला होता, लोखंड आणि जळण धरून.
मी साठ म्हणाले.
ते म्हणाले, एवढा नाय त्याचा.
मी म्हणाले, साठ.
अशी उलटी घासाघीस मी बावीस वर्षांत केली नव्हती.
छप्पन्नवर आलो,
आणि त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली,
पडावाकडे न बघता.

धाकू मेस्त्री : नऊशे रोज आणि दुपारचं कालवण.
हातोडीने एकेक फळी वाजवत गेला.
ठक् म्हणजे जिवंत, भद् म्हणजे बदल.
बारा फळ्या भद्.
सांध्यांत कापूस, कापसावर राळ, राळेवर माशाचं तेल.
आठ दिवस त्या वासाने घास उतरेना.
नवव्या दिवशी वास कुठे गेला कळलं नाही,
मीच त्यात गेले असणार.
शिल्लक एकोणतीस हजार.

वाळू मात्र संपत नाही.
झाडते, उपसते, परत असते.
ह्या पडावातून गेली ती कुणाकुणाच्या भिंती झाली,
उरली ती माझ्या पोह्यांत.

ग्रामसेवकाने फॉर्म पुढे ओढला. घर क्रमांक?
नाही.
चतुःसीमा?
पूर्वेला पाणी, पश्चिमेला पाणी,
उत्तरेला सोलकरांच्या चुलत्याचा पडाव,
दक्षिणेला कधी चिखल, कधी नाही.
त्याने पेन टोपणात घातलं आणि दोन चहा सांगितले.

पहिल्या रात्री पाणी उतरलं तसा
पडाव डाव्या कुशीवर टेकला.
टोप घरंगळत गेला, मागून बॅटरी, मागून मी.
खाट सरळ व्हावी म्हणून पायाखाली वीट दिली
आणि झोपले.
तीनच्या सुमाराला चिखल पच्कन सुटला,
अठ्ठावीस हात लाकूड कुणी न बोलावता उठलं,
सरळ झालं,
आणि मी उजवीकडे कलंडले, विटेमुळे.
बराच वेळ तशीच पडून होते.
खालून पाणी जात होतं, वर, महाडच्या दिशेने,
अंगाखालून कुणी चादर ओढून घ्यावी तसं.

सकाळी सोलकर काठावर उभे.
"गलतो?"
"दोन बादल्या."
"कमी झाला," म्हणाले, जरासे नाराजच,
आणि बांगड्यांची पिशवी फळीवर ठेवून गेले.

वीट अजून तिथेच आहे.
सहा तास उपयोगाची, सहा तास नाही.
वहीत मी ती अर्धी लिहिली आहे.