एक आड एक गुरुवार

फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खाली,
तिचं औषध आडवं पडलेलं असतं.
एक आड एक गुरुवारी, धारा काढून आलो
की मी ते टेबलावर ठेवतो. अर्धा तास.
गारठलेलं टोचलं तर फार झोंबतं,
असं ग्रासा नर्सनं सांगितलंय.
तेवढ्या वेळात देओलिंडा वाटाणे सोलते.

गेल्या हिवाळ्यात सोलत नव्हती.
पहाटे बोटं उघडायचीच नाहीत,
पेरं चेस्टनटसारखी टपोरी.
तिच्या झग्याची बटणं मी लावायचो,
खालचं वर, वरचं खाली,
आणि ती म्हणायची, एर्मिनियु, अरे, लोकर नाही कातरायचीय.

आमच्या सेरा दा एस्त्रेलात म्हणतात,
चीज करणारणीचे हात थंड हवेत.
तिच्या आईचे होते, तिचेही.
रानातल्या काटेफुलाच्या पाण्यानं दूध फाडायचं,
मग कापडात घेऊन दाबत बसायचं,
निवळी संपेतो, घाई न करता.
ते हात भट्टीतून काढलेल्या पावासारखे तापलेले.
ती बादलीत बुडवून धरायची. बर्फ तोडून.

डॉक्टरनं कागदावर गोळे काढले, बाण काढले.
मी मान हलवली.
कळलं ते परतताना, तिसऱ्या वळणावर.

आमच्याकडे फारुश्कू होता.
लांडग्यांसाठी पाळलेला, गळ्यात खिळ्यांचा पट्टा.
सात हिवाळे एक कोकरू गेलं नाही.
मग लांडगे उतरेनासे झाले,
आणि एका पहाटे कळपात तो उभा,
तोंडाला लोकर.
कुंपणानंच शेत खाल्लं.
बाबांनी बंदूक काढली. मी चौदाचा होतो,
पट्टा मी सोडवला.

हिच्या आतल्या कुत्र्याला गोळी घालता येत नाही.
निजवायचा, पंधरा दिवसांपुरता,
तोही अर्धवट,
कारण लांडगे अजून आहेत. साधा खोकलासुद्धा.

चाळीस वर्षं मेंढ्या टोचल्या मी.
मांड्यांत धर, कातडी उचल, झाली, सोड, पुढची.
त्या सुया राखण जागी ठेवायला.
पहिल्या गुरुवारी
तिच्या पोटाची चिमूट बोटांत धरली
आणि हात थरथरला.
टक्. दहापर्यंत मोजायचं. मी सातलाच अडकलो.
टक्.
"मेंढी निदान ओरडते तरी," ती म्हणाली,
डोळे मिटूनच.

नाताळात नात आली, इरिया, अंगभर कांजिण्या घेऊन.
आत घेतली नाही.
अंगणात उभी राहून तिनं काचेला गाल लावला,
एकेक फोड दाखवला, मोजून,
आणि आतून देओलिंडा त्याच काचेवर
बोटं टेकवत गेली. सरळ बोटं.
तेव्हा मी पाहिलं, सरळ आहेत.

जानेवारीत ती पुन्हा कापडापाशी बसली.
आता गंमत ऐका.
हात आले, तर तोंडाला बंदी:
कच्च्या दुधाचं चीज खायचं नाही.
हे सांगताना डॉक्टर आमच्याकडे नाही, फळीकडे पाहत होता,
आम्ही त्याच्यासाठी नेलेला गोळा तिथंच ठेवला होता.

म्हणून आता चव मी घेतो.
पहिल्या दिवशी म्हणालो, चांगलंय.
"चांगलं म्हणजे?"
चाळीस वर्षं मुकाट्यानं खाल्लेल्या माणसाला
काय सुचणार?
मीठ बरोबर आहे, म्हणालो.
"आणि?"
मागे जरा कडवट. काटेफुलाचं.
"मागे कुठं? घशाशी, की जिभेच्या कडेला?"
कडेला. डाव्या.
"गवत लागतं का? कुठल्या उताराचं?"

आज गुरुवार.
सुरी पुसून तिनंच हातात दिली.
टेबलावरचं औषध अजून गार आहे,
वीस मिनिटं आहेत.
मी दुसरा तुकडा कापतो.