कार्डावरचा हुद्दा

शुक्रवारी, उकाडा जरा उतरला की
सोहारच्या वाळू दाबलेल्या मैदानावर
सलील खेळतो, जो आला नाही त्याच्या जागी.
हमूदला ताप, तर डावा बॅक.
केरळच्या जुळ्यांची परीक्षा, तर पुढे, एकटाच.
एकदा गोलातसुद्धा; हातमोजे माझे, गोदामातले.

कोच इद्रीस फॉर्म पुढे करतो.
'जागा' समोर चौकोन एकच.
"काय लिहू? कुठंही लावला तरी चालतो हा,
तेच तर दुखणं आहे."

मी काय सांगणार?
माझ्या कार्डावर हुद्दा: सुतार.
एकोणीस वर्षांत रंधा हातात धरलेला नाही.
गोदाम, पिकअप, हिशेब, अरबाबाच्या आईचं डायलिसिस,
नड तिथं मी.
पोरगा चौदाचा आहे. त्याला नड नको,
जागा हवी.

पाण्यासाठी खेळ थांबतो.
सगळे बाटल्यांकडे पळतात.
हा मधल्या वर्तुळाच्या जरा मागे उभा,
मान वळवून बघत: डावीकडे, उजवीकडे, पाठीमागे,
हायवे ओलांडायला मी शिकवलं होतं
अगदी तसं.

इद्रीस बघतो.
मग माझ्या खिशाकडे बोट करतो.
मी पेन काढतो.
"पेन नको," म्हणतो,
"पेन्सिल आहे?"