घट

विट्याच्या स्टँडवर उतरताना कंडक्टर म्हणाला,
"पिशवीत दगडं हायत का?"
म्हटलं, बूट आहेत. बर्फावरचे.
त्यानं उचलून पाहिली, खाली ठेवली,
लगेजचे पैसे काही परत दिले नाहीत.

लेंगऱ्याच्या पारावर नानांनी माझं प्रमाणपत्र
उन्हात धरून वाचलं,
मग उलटं केलं, मागं काही लिहिलंय का ते बघायला.
"म्हंजे पोरास्नी घसराय शिकवतीस?
घसराय शिकवाय लागतंय व्हय गं?
आपली निम्मी भावकी बिनशिकवता घसरली की."
सगळे हसले. मीही.

आबा, कसं सांगायचं यांना,
तीन हिवाळे गेले या एका कागदात.
पहाटे उतारावर ड्रिलनं भोकं पाडायची,
खांद्यावर पंचवीस दांड्या, लाल आणि निळ्या,
जाळी कुठल्या वळणाला बांधायची,
मानेला मार असेल तर पोराला कसं हलवायचं नाही,
गुडघा कधी आत गेला आणि किती वेळ वाया गेला.
रात्री वॅक्सवर इस्त्री, स्कीच्या धारेवर कानस.
कानस तेवढी मला कुणी शिकवावी लागली नाही.
ती श्रीनगरला, तुमच्या गाळ्यात,
तुमच्या मांडीशी बसून हाताला लागलेली.

इथलं घरटी एक माणूस सोनं गाळायला जातं,
कुणी कोचीनला, कुणी कटकला.
तुमच्या वाट्याला बर्फ आला.
भट्टीपुढं छाती भाजायची, पाठ गोठायची,
आणि तुम्ही दोघांनाही शिव्या द्यायचात.
मी खिडकी पुसून डोंगर बघायची.

शर्यत संपली बाविसाव्या वर्षी,
सतराव्या दांडीपाशी, उजव्या गुडघ्यात.
त्याबद्दल आज नको.

पहिल्या परीक्षेत मार्ग मी आखला तो
मला जिंकायचा राहिलेला.
वानी सर वरून खाली पायी उतरले,
एकेक दांडी हातानं हलवून पाहिली,
तळाशी येऊन एवढंच विचारलं,
"पडणाऱ्याला जागा कुठं ठेवलीस?"
नापास.

त्या संध्याकाळी तुमच्या काट्यावर
कुणाच्या मोडीच्या बांगड्या होत्या.
गिऱ्हाईक तणतणत होतं, एवढं दिलं, एवढंच कसं निघालं?
तुम्ही चष्माही वर केला नाहीत.
ते गेल्यावर मला म्हणालात, की भट्टीलाच:
"आगीतनं जायचंय त्येला. घट धराय नको?
घट न धरता भट्टी लावतो
त्यो चोर तरी असतो, न्हायतर नवशिका."
मी चोर नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात लेखी राहिली.
त्याच्या पुढच्या वर्षी अकरावी दांडी
मी खडकापासून चार पावलं आत घेतली.
तिथंच झूबिया पडली.
घसरत, घसरत, घसरत जाळीपर्यंत गेली,
उठली, तोंडातला बर्फ थुंकली
आणि पळत वर यायला लागली, परत एकदा म्हणून.
सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

रात्री अंगणात तुम्ही माझं स्टॉपवॉच मागितलंत.
आता डोळ्यांना आकडे दिसत नाहीत तुमच्या,
म्हणून तळहातावर तोललंत.
"किती बारीक मोजतंय?"
सेकंदाचा शंभरावा हिस्सा.
"आमचा काटा ग्रॅमच्या हजाराव्याचा हुता,"
म्हणालात, आणि ते परत दिलं नाहीत.
उशाशी घेऊन झोपलात.

सकाळी नानांची नातवंडं तुराट्यांचा भारा घेऊन
रेणावीच्या मुरमाड उतारावर उभी.
एकाच्या हातात खताच्या गोणीचं बूड, बसून यायला.
बर्फ कधी पडायचा, ताई?
आधी चालत उतरून या, म्हटलं,
एकेक तुराटी हलवून बघा.
ती उतरली तोवर मी खालची, बाभळीजवळची,
उपटून लांब रोवली.