पेरभर

रुवीत, बँकेच्या मागच्या गल्लीत आमचं सलून.
काचेला काळा कागद, आतलं बाहेर दिसू नये म्हणून.
आत एसी, चार खुर्च्या,
आणि रिलॅक्सरचा वास:
चुन्याची डबी उघडावी
तसा आधी नाकात, मग डोळ्यांत.

झुवेना आली ती सहाव्या आठवड्यातच.
पर्स खुर्चीवर टाकून म्हणाली, लाव आज.
गुरुवारी धाकट्या बहिणीचं लग्न.
तिची आजी झांजिबारची.
केस आजीचे, नाक बापाचं, असं सांगते हसत.
घाई कुणाची ते सांगत नाही.

शेपटीच्या कंगव्याने भांग पाडला.
मुळाशी नवी वाढ, मिऱ्यांसारखी घट्ट,
ओढली की सरळ येते, सोडली की परत आपल्या घरी.
तिच्यापुढे मागच्या खेपेचा सरळ केस,
आणि दोघांच्या मध्ये एक जागा,
कपडा उसवतो शिवणीवर
तशी तुटण्याची.

बोट लावून मोजलं. अर्धं पेर,
तेही ताणून.
नाही, मी म्हटलं. पेरभर होऊ दे.
आठ आठवडे तर कुणालाही लागतात, तुला दहा,
बारा झाले तरी केस रागावत नाहीत.
आज लावलं तर क्रीम जुन्यावर जाणार,
शिजलेला भात परत चुलीवर. मग काय राहतं सांग?

समोरचे लावतात, ती म्हणाली. वीस रियालला.
लावतात.
काउंटरवरून मारिसेलने मान वर केली,
माझे दोन रियाल कमी झाल्याचं
तिच्या आधी मला कळलं होतं.

तिर्हासचं मी कुणाला सांगत नाही.
माझं पहिलं वर्ष. ती कुणाच्या तरी घरी कामाला,
दोन महिन्यांत एक सुट्टी,
आणि ती सुट्टी चौथ्या आठवड्यात पडली.
पुन्हा कधी सोडतील माहीत नाही, म्हणाली, लाव.
मी लावलं.
चार दिवसांनी पाण्याच्या बाटल्या न्यायला आली
मालकिणीबरोबर,
आणि बाई गाडीत असताना आत येऊन
एक पिशवी काउंटरवर ठेवली.
कॅरीबॅग, किराण्याच्या दुकानाची. आत केस.
बोलली काहीच नाही.
केसाने गळा कापला म्हणतात आमच्याकडे.
मी त्या पिशवीला गाठ मारली
आणि कुठे टाकावी ते संध्याकाळपर्यंत कळेना.

झुवेनाला मी बसवलं.
तेलाचा हात फिरवला, मुळाशी गरम हवा, जरा लांबून,
कडेचे केस जेलने चापून
मागे अंबाडा, खालच्या अंगाला दोन पेड.
तिने आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.
लोबानाचा धूर दे यावर घरी, मी म्हटलं,
बहीण राहील बाजूला, लोक तुलाच विचारतील.
हसली नाही. पण पर्स मांडीवर घेतली.

कार्डावर तारीख लिहून दिली, नऊ मे.
आधीचा आठवडाभर डोक्याला नख लावायचं नाही,
खाजलं तरी नाही, ओरखड्यावर हे झोंबतं.
माझी रजा तेव्हाच आहे, मिळाली तर.
मी नसले तर मारिसेलला हे दाखव,
आणि म्हणावं, फक्त मुळाशी.

आतून मात्र बाहेरचं सगळं दिसतं त्या कागदातून.
फुटपाथवर ती उभी, हातात कार्ड,
दुसरा हात मानेमागे, अंबाड्याच्या खाली,
जिथे मी मोजलं होतं तिथेच
बोट लावून बघत होती.
समोरच्या सलूनची पाटी गुलाबी,
भर उन्हातही पेटलेली.

ती कुठल्या बाजूला वळते ते बघणार होते,
तेवढ्यात तीन नंबरच्या खुर्चीचा टायमर वाजला.
धुवायला हवं होतं.
तिथे एक मिनिट थांबून चालत नाही.