राजे मधल्या घरांत

डाव संपला की दोन्ही राजे उचलायचे
आणि पटाच्या मधोमध आणून ठेवायचे.
पांढरा जिंकला, पांढऱ्या घरांत.
काळा जिंकला, काळ्या.
बरोबरी झाली तर समोरासमोर, एक या रंगात, एक त्या.
पटाखालच्या तारांना तेवढं पुरतं,
सेकंदात जगाला कळतं.

हे काम माझं. वर्धा रोडचं हॉटेल, दहा दिवस,
गळ्यात पट्टा: चंद्रकला ढोमणे, सहायक पंच.
बाहेर नवतपा, सेहेचाळीस पॉइंट दोन,
आत इतकं गार की आइसलँडचा हाल्डोरसुद्धा
कोटाची बटणं लावून बसलेला.
पहिल्या दिवशी त्याने विचारलं, इथे दुपारी माणसं जातात कुठे?
म्हटलं, कूलरपुढे.

आठवी फेरी. समोर ताश्कंदचा तिमूर,
एकोणीस वर्षांचा, जगात तिसरा, नखं खाणारा.
चोविसाव्या चालीला हाल्डोर जो थांबला
तो बावन्न मिनिटं.
आधी पटाकडे बघत होता, मग छताकडे,
मग माझ्या चपलांकडे.
विचार करणारा माणूस कुठेही बघतो,
आपण मनाला लावून घ्यायचं नाही.

मला चाल दिसली होती.
हत्तीपुढचं प्यादं. एकच घर.
बढाई नाही सांगत. बाजूला उभ्या असलेल्याला दिसतंच,
लग्नातही दिसतं, कोर्टातही.
पण पंचाला तोंड नसतं.

बाबा अजनीच्या लोको शेडमध्ये फिटर.
क्वार्टरच्या ओट्यावर खडूने आखलेला पट,
राजा म्हणजे चार इंची बोल्ट, वजीर जरा बुटका,
प्यादी सोळा वॉशर,
त्यातल्या आठांना ग्रीस फासलं की ते काळे.
खेळून उठलं की माझी बोटंही त्यांच्याच बाजूची.
आई म्हणे, पोरीचे हात पाहा, हिले कोण करन?
बाबा म्हणे, "वजीर वजीर काय करतं वं,
प्याद्याले इचार."

चौदाव्या वर्षी मी बाबाले हरवलं.
ओट्याभोवती माणसं होती, डबे घेऊन रात्रपाळीला निघालेली.
तो हसला. बोल्ट पिशवीत भरले.
पुन्हा कधी माझ्याशी बसला नाही.
म्हणजे जेवायला बसायचा, टीव्हीपुढे बसायचा,
मध्ये एक घर सोडून.

पटावर तर हा नियमच आहे.
कितीही मारामारी होवो,
राजा राजाला भिडत नाही,
दोघांत निदान एक घर रिकामं राहतंच.

हाल्डोरने वजीर उचलला.
घड्याळ दाबलं. तिमूरने बोट तोंडातून काढलं.
मग शह, शह, तोच शह,
तीच जागा तिसऱ्यांदा आली आणि बरोबरी.
हात मिळवले, सह्या केल्या,
तिमूर आईला फोन लावत निघून गेला.

हाल्डोर बसून राहिला.
हत्तीपुढच्या त्या जागच्या न हललेल्या प्याद्यावर
त्याने नख टेकवलं
आणि माझ्याकडे पाहिलं.
याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही.
मी मान हलवली, हो आणि नाही यांच्या मधली,
नागपुरात जिचा अर्थ होतो, होऊ शकते.
तो आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला.
शिवीच असावी, स्वतःला.

मग मी मधली चार घरं मोकळी केली.
पांढरा राजा ठेवला. त्याच्यासमोर काळा.
तळाच्या मखमलीचा आवाज येत नाही,
तरी मी जपूनच टेकवले.
तारांचं काम केव्हाच झालं होतं,
दिवे बंद करणारा पोरगा दारात ताटकळलेला,
मला मात्र घाई नव्हती.

रात्री साडेनऊला रस्ता अजून भट्टीसारखा.
अजनीच्या पुलावर ऑटोवाल्याने आरशातून
गळ्यातला पट्टा पाहिला.
"कोन जितलं मॅडम?"
कोणीच नाही.
"मंग एवढा टाइम करून काय राहिले होते?"
बसले होते, म्हटलं.
समोरासमोर.